पिस्तूल लंडनचं, पोरगा कोकणातला

वाशीहून ठाण्याला जाणारी लोकल तुमच्यापैकी कितीतरी जणांची रोजची. कधी ठाण्याला उतरलात आणि हाताशी थोडा वेळ असला, तर कोर्ट नाक्याच्या बाजूला चालत जा. तिथं एका जुन्या किल्ल्याच्या भिंती दिसतील. पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला, १७३७ साली मराठ्यांनी जिंकलेला आणि इंग्रजांनी तुरुंग करून टाकलेला हा किल्ला. आजही ते ठाण्याचं मध्यवर्ती कारागृहच आहे. १९ एप्रिल १९१० च्या सकाळी इथं तिघांना फाशी दिली गेली. त्यातला सगळ्यात लहान अठरा वर्षं आणि तीन महिन्यांचा होता. म्हणजे तुमच्या एफवायच्या बाकावर बसला असता, तर वेगळा ओळखूही आला नसता.

अनंत लक्ष्मण कान्हेरे. नाव तुम्ही ऐकलंय, निदान नाशिकमधल्या रणजी सामन्यांमुळे तरी. ते मैदान त्याच्याच नावाचं. शाळेच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला एखादीच ओळ येते : नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला गोळ्या घातल्या. त्या ओळीच्या मागेपुढे जो मुलगा आहे, तो मात्र फारसा कुणी सांगत नाही.

जन्म जानेवारी १८९२ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातला. शिकायला आधी इंदूर आणि मग मामाकडे औरंगाबाद. तेव्हा औरंगाबाद निजामाच्या राज्यात होतं. तिथं गंगाराम नावाच्या मित्राशी त्याची गट्टी जमली, ती इतकी की या मैत्रीवर अनंतनं चक्क एक कादंबरी लिहिली. नाव ‘मित्रप्रेम’. सतराव्या वर्षी कादंबरी! आपल्यापैकी बहुतेकांची त्या वयात असाइनमेंटही वेळेवर पूर्ण होत नाही. या औरंगाबादच्या दिवसांतच नाशिकच्या क्रांतिकारक मंडळींशी त्याची ओळख झाली आणि वाट बदलली.

आता जरा पिस्तुलाकडे येऊ, कारण या गोष्टीतलं निम्मं वळण त्याच्यामुळे आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्यानं सामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं बंद झालं होतं. दुकानात जाऊन विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. लंडनमध्ये मात्र तसं नव्हतं. तिथं पैसे टाकून नेमबाजीचा सराव करता येई. १ जुलै १९०९ ला कर्झन वायलीला गोळ्या घालणारा मदनलाल धिंग्रा टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या अशाच एका ठिकाणी हात साफ करत होता. त्याच लंडनमधून विनायक दामोदर सावरकरांनी वीस ब्राऊनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात पाठवली. ती आणली कुणी, तर इंडिया हाऊसचा स्वयंपाकी चतुर्भुज अमीन यानं, पेटीला खोटा तळ करून.

ब्राऊनिंगच का, असं विचाराल तर हे पिस्तूल तेव्हा नवलाचं होतं. रिव्हॉल्व्हरला गोल फिरणारं चक्र असतं, त्यामुळे ते जाड होतं आणि कपड्याखाली फुगतं. हे चपटं. गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेल्या. एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्यानं रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि पुढची गोळी आपोआप चढते. कोटाच्या खिशात सहज मावावं आणि चापावर बोट पुन्हापुन्हा दाबत राहावं, इतकं सोपं. एवढं सोपं की नेमबाजीत मुरलेला नसलेला मुलगाही जवळून माणूस मारू शकेल.

जॅक्सनवर राग का होता, तेही पाहायला हवं. १९०९ च्या जूनमध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. गुन्हा काय, तर कविता छापल्या. तो खटला जॅक्सननं पुढे रेटला होता. पण हाच जॅक्सन संस्कृत जाणायचा, मराठी बोलायचा, लोक त्याला पंडित म्हणायचे. कोकणातल्या आणि गुजरातेतल्या लोकसमजुती, देवदेवस्की, व्रतं यांची माहिती त्यानं जमवली होती. ती पुस्तकरूपानं बाहेर आली ती त्याच्या मृत्यूनंतर, एन्थोव्हेननं संपादित करून. क्रांतिकारकांना हे पांडित्य म्हणजे गोड बोलून माणसं आत टाकण्याची युक्ती वाटत होती. मला विचाराल तर दोन्ही खरं असू शकतं. आवडीनं आपली भाषा शिकलेला माणूस आपल्यावर राज्य करायलाच आलेला असतो, आणि खुर्चीवर बसून तो कवितेबद्दल जन्मठेपेकडे नेणारा खटलाही भरू शकतो.

जॅक्सनची बदली झाली. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये त्याच्या निरोपासाठी देवलांच्या ‘शारदा’चा प्रयोग ठेवला होता. तो शहर सोडून गेला की संधी गेली, म्हणून घाई. त्याआधी अनंतनं कचेरीत जाऊन जॅक्सनला नीट पाहून ठेवलं होतं. आईवडिलांना आठवण राहावी म्हणून एक फोटोही काढून घेतला होता. या फोटोपाशी मी दरवेळी अडखळतो. परत यायचं नाही हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, तो मुलगा कॅमेऱ्यासमोर सरळ बसलाय.

पुढचं सारं काही क्षणांत घडलं. जॅक्सन आत आला, अनंत उठला. पहिली गोळी चुकली, नंतरच्या लागल्या. तो चुकला असता तर विनायक देशपांडे, आणि तोही चुकला तर कृष्णाजी कर्वे, असे दोघं तयारीत होते. शेवटी स्वतःला संपवायचं असंही ठरलेलं होतं, पण पलशीकर आणि तोरडमल या दोघांनी अनंतला जागीच धरलं. दोघंही आपलेच.

धरपकड सुरू झाली आणि पिस्तुलानं तोंड उघडलं. ब्राऊनिंगचा माग थेट लंडनपर्यंत गेला. चतुर्भुज अमीन माफीचा साक्षीदार झाला. १३ मार्च १९१० ला लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर सावरकरांना अटक झाली, आणि त्यांच्या दोन जन्मठेपांपैकी दुसरी याच खुनाला साहाय्य केल्याबद्दलची. जुलैमधली मार्सेलिसची ती प्रसिद्ध उडी या अटकेनंतरचीच.

मुंबईच्या हायकोर्टात खटला झटपट उरकला. २९ मार्चला निकाल आणि एकवीस दिवसांत फाशी. अनंत, कायदा शिकत असलेले कर्वे आणि देशपांडे. फाशीच्या वेळी तिघांचंही घरचं कुणी हजर नव्हतं. मृतदेह नातेवाइकांना दिले नाहीत. ठाण्याच्या खाडीकाठीच ते जाळले आणि राखही घरच्यांच्या हाती न देता पाण्यात सोडली.

त्या खाडीचा एक काठ ठाण्याचा, दुसरा ऐरोलीचा.