आमेदेओ ॲव्होगॅड्रो

काष्टीच्या जनावरांच्या बाजारात बैल नगावर मोजतात. दुकानात साखर मात्र वजनावर मिळते. त्या साखरेचे रेणू कोणी मोजू शकेल का? ती वाट आमेदेओ ॲव्होगॅड्रो यांनी दाखवली.

त्यांचा जन्म १७७६ साली इटलीतील तुरिन शहरी झाला. शिक्षण कायद्याचे, ओढ विज्ञानाची! १८११ साली त्यांनी असे मांडले, की तापमान व दाब सारखे असतील तर समान आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्याही सारखीच असते. म्हणजे वायूंची वजने ताडून पाहिली की त्यांच्या रेणूंच्या वजनांचे प्रमाण कळते. पण या विचाराकडे फारच थोड्यांनी लक्ष दिले. १८५६ साली ते वारले. चारच वर्षांनी त्यांचे देशबांधव कान्निझारो यांनी जर्मनीतील परिषदेत तो पुन्हा मांडला, तेव्हा कोठे शास्त्रज्ञांना तो पटू लागला. पुढे एका मोलमधील कणांच्या संख्येला ॲव्होगॅड्रो यांचे नाव मिळाले. ती संख्या त्यांना स्वतःला ठाऊक नव्हती बरे!

साखरेचा एक मोल म्हणजे ३४२ ग्रॅम. तुम्ही १७१ ग्रॅम साखर घ्या. हा अर्धा मोल झाला. ती थोड्या पाण्यात विरघळवा आणि सगळे द्रावण मिळून एक लिटर होईल एवढेच पाणी घाला. (पाणीच एक लिटर घालू नका, पुष्कळजण तिथे चुकतात.) या द्रावणाची रेणुता ०.५ मोलार.