अर्जदारांचा कैवारी : जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स

१७७५ सालच्या जून महिन्याची १७ तारीख होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात, बोस्टन शहराजवळ बंकर हिल येथे इंग्रजांचे सैन्य आणि वसाहतींतील लोक यांच्यात तुंबळ युद्ध जुंपले होते. तेथून काही मैलांवर ब्रेनट्री नावाच्या गावी एक माता आपल्या सात वर्षांच्या मुलाचा हात धरून टेकडीवर उभी होती. तोफांचा गडगडाट कानी येत होता आणि जळणाऱ्या चार्ल्सटाउन गावातून धुराचे लोट आकाशात चढत होते. मुलाचे वडील त्या वेळी घरापासून दूर फिलाडेल्फिया शहरी, वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत गुंतलेले होते. त्या मातेचे नाव अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स आणि मुलाचे नाव जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स. हाच मुलगा पुढे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा सहावा अध्यक्ष झाला. तथापि त्याचे खरे मोठे कार्य अध्यक्षपद संपल्यानंतरचे आहे.

जॉनचा जन्म ११ जुलै १७६७ रोजी झाला. त्याचे वडील जॉन अ‍ॅडम्स हे अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याचे एक धुरीण असून पुढे ते देशाचे दुसरे अध्यक्ष झाले. युद्धाच्या त्या धामधुमीत जॉनचे आरंभीचे शिक्षण घरीच झाले. आई त्याला शिकवी, आणि वडिलांच्या हाताखाली वकिलीचा अभ्यास करणारा एक तरुण त्याचे धडे घेई.

१७७८ साली वडिलांना देशाच्या कामासाठी फ्रान्सला जावे लागले. त्यांनी दहा वर्षांच्या जॉनला बरोबर नेले. ऐन हिवाळ्यात अटलांटिक महासागर ओलांडायला त्यांना सुमारे सहा आठवडे लागले. वाटेत वादळे झाली, इंग्रजांच्या जहाजांची भीतीही होती. पुढच्याच वर्षी हाच प्रवास पुन्हा करावा लागला, तेव्हा तर जहाजाला गळती लागली आणि त्यांना स्पेनच्या किनाऱ्यावर उतरून बर्फाळ डोंगरांतून खेचरांवर बसून पॅरिस गाठावे लागले. या दुसऱ्या प्रवासाच्या वेळी जॉनने रोजनिशी लिहिण्यास आरंभ केला. त्या वेळी तो बारा वर्षांचा होता. ही रोजनिशी त्याने म्हातारपणापर्यंत चालविली. तिचे एकावन्न खंड आणि चौदा हजारांहून अधिक पृष्ठे आज उपलब्ध आहेत.

फ्रेंच भाषा त्याने इतकी चांगली आत्मसात केली की, वयाच्या चौदाव्या वर्षी त्याला रशियाला जाण्याची संधी मिळाली. अमेरिकेचे वकील फ्रान्सिस डाना हे १७८१ साली सेंट पीटर्सबर्ग येथे निघाले होते. रशियाच्या दरबारात फ्रेंच भाषा चाले, आणि डाना यांना ती नीट येत नसे. म्हणून दुभाषा व चिटणीस या नात्याने जॉन त्यांच्यासोबत गेला. पुढे स्वदेशी परतून त्याने १७८७ साली हार्वर्ड येथील शिक्षण पूर्ण केले आणि तो वकिली करू लागला.

१७९४ साली अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी या तरुणाची हॉलंडमधील राजदूत म्हणून नेमणूक केली. त्यानंतर प्रशिया, रशिया आणि इंग्लंड या देशांतही अ‍ॅडम्स यांनी आपल्या राष्ट्राचे वकील म्हणून काम केले. १८१४ साली इंग्लंड आणि अमेरिका यांच्यातील युद्ध गेंट शहरी झालेल्या तहाने संपले. तो तह घडवून आणणाऱ्या अमेरिकन शिष्टमंडळाचे ते प्रमुख होते.

मधल्या काळात, १८०३ साली, ते मॅसॅच्युसेट्स राज्यातर्फे सिनेटमध्ये निवडून गेले होते. त्या वेळी इंग्रजांचे आरमार अमेरिकेची जहाजे अडवून त्यांवरील खलाशी बळजबरीने पकडून नेई. याला उत्तर म्हणून अध्यक्ष जेफरसन यांनी १८०७ साली परदेशांशी होणारा व्यापारच बंद करण्याचा कायदा मांडला. या कायद्यामुळे बोस्टनच्या व्यापाऱ्यांचे मोठे नुकसान होणार होते, आणि अ‍ॅडम्स यांच्या पक्षाचा त्यास कडवा विरोध होता. परंतु देशाचा मान राखण्यासाठी हा कायदा आवश्यक आहे, असे त्यांना वाटले. म्हणून त्यांनी पक्षाविरुद्ध मत दिले. पक्षाने त्यांच्यावर रोष धरला. त्यांची मुदत संपण्यापूर्वीच त्यांच्या जागी दुसऱ्या माणसाची निवड करण्यात आली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. मनाला पटले ते करावे आणि त्याची किंमत निमूटपणे मोजावी, हा त्यांचा स्वभाव तेव्हाच लोकांना दिसून आला.

१८१७ ते १८२५ या आठ वर्षांत अ‍ॅडम्स हे परराष्ट्रमंत्री होते. १८१९ साली त्यांनी स्पेनशी केलेल्या तहामुळे फ्लॉरिडाचा प्रदेश अमेरिकेस मिळाला. युरोपातील राष्ट्रांनी अमेरिका खंडात नव्या वसाहती स्थापू नयेत, हे अध्यक्ष मन्रो यांनी १८२३ साली जाहीर केलेले धोरण आखण्यातही अ‍ॅडम्स यांचा मोठा वाटा होता.

१८२४ च्या निवडणुकीत अध्यक्षपदासाठी चार उमेदवार उभे राहिले. सेनापती अँड्र्यू जॅक्सन यांना निर्वाचकांची ९९ मते मिळाली व अ‍ॅडम्स यांना ८४. कोणालाच निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यामुळे निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला आणि तेथे अ‍ॅडम्स यांची निवड झाली. चौथे उमेदवार हेन्री क्ले यांनी त्यांना पाठिंबा दिला होता. पुढे अ‍ॅडम्स यांनी क्ले यांनाच परराष्ट्रमंत्री नेमले, तेव्हा हा उघड सौदा आहे, अशी ओरड विरोधकांनी केली. असा काही सौदा झाल्याचा पुरावा मिळाला नाही. पण हा आरोप त्यांची पाठ सोडीना.

अध्यक्ष या नात्याने त्यांनी मोठ्या योजना मांडल्या. देशभर रस्ते व कालवे व्हावेत, राष्ट्रीय विद्यापीठ निघावे, आकाशातील ग्रहताऱ्यांचे निरीक्षण करण्यासाठी वेधशाळा उभारावी, अशी त्यांची इच्छा होती. परंतु विधिमंडळाने यांतील बहुतेक योजना बाजूस सारल्या. वेधशाळेच्या कल्पनेची तर थट्टाच झाली. लोकांना खूष ठेवण्याची कला अ‍ॅडम्स यांना अवगत नव्हती. स्वभावाने ते करारी, थोडे तुसडे आणि मितभाषी होते. १८२८ च्या निवडणुकीत जॅक्सन यांनी त्यांचा दारुण पराभव केला. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी ते आपल्या गावी परतले. आपले सार्वजनिक जीवन संपले, असे त्यांना स्वतःलाही वाटले.

पण १८३० साली शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यांना प्रतिनिधिगृहासाठी उभे राहण्याची गळ घातली. राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या पुरुषाने एका मतदारसंघाचा साधा प्रतिनिधी व्हावे, हे अनेकांना अपमानास्पद वाटले. घरच्या माणसांनाही ते रुचले नाही. अ‍ॅडम्स यांचे मत मात्र निराळे होते. लोकांनी निवडून दिल्यावर त्यांची सेवा करण्यात कसलाही कमीपणा नाही, असे ते मानीत. ते मोठ्या मताधिक्याने निवडून आले आणि मृत्यूपर्यंत त्या सभागृहाचे सभासद राहिले. अध्यक्षपद भूषविल्यानंतर प्रतिनिधिगृहात बसलेले ते एकमेव पुरुष होत.

त्या वेळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गुलामगिरीची प्रथा होती. १८३० च्या शिरगणतीत गुलामांची संख्या वीस लाखांवर भरली होती. राजधानी वॉशिंग्टन येथेही माणसांची खरेदी-विक्री चाले. ही प्रथा बंद करावी, अशी विनंती करणारे हजारो अर्ज उत्तरेकडील नागरिक विधिमंडळाकडे पाठवीत. त्यांत स्त्रियांच्या सह्यांचे अर्ज पुष्कळ असत. स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता. सरकारकडे आपले म्हणणे मांडण्यासाठी अर्ज हेच त्यांच्या हाती असलेले साधन होते. सरकारकडे दाद मागण्याचा हक्क तर देशाच्या घटनेनेच लोकांना दिला होता.

दक्षिणेकडील सभासदांना हे अर्ज खुपू लागले. १८३६ साली प्रतिनिधिगृहाने असा ठराव केला की, गुलामगिरीविषयीचा कोणताही अर्ज आल्यास तो छापू नये, त्यावर चर्चा करू नये, तो तसाच बाजूला ठेवावा. लोक यास मुस्कटदाबीचा नियम म्हणू लागले. मतदानाच्या वेळी आपले नाव पुकारले जाताच अ‍ॅडम्स यांनी हा ठराव घटनेचा भंग करणारा आहे, असे ठासून सांगितले. सभागृहात एकच गलका उठला. पण त्यांनी आपले वाक्य पुरे केले.

गुलामगिरी हे घोर पाप आहे, असे अ‍ॅडम्स मानीत. तरीही ती एका फटक्यात नष्ट करावी, असे म्हणणाऱ्यांच्या गटात ते नव्हते. अध्यक्ष असताना तिच्याविरुद्ध त्यांनी काही विशेष केले नव्हते. परंतु ज्याला दुसरा कोणी आधार नाही, त्याच्या अर्जालाच सरकारने दार बंद करावे, हे त्यांना सहन होईना. त्या दिवसापासून त्यांनी आपले उरलेले आयुष्य या एका लढ्याला वाहिले. प्रत्येक अधिवेशनात ते अर्जांची चळत घेऊन उभे राहत. सभापती त्यांना खाली बसवीत. ते पुन्हा उठत.

१८३७ सालच्या फेब्रुवारीत त्यांनी सभापतींना एक प्रश्न विचारला. आपल्याकडे बावीस गुलामांचा एक अर्ज आला आहे, त्याला हा नियम लागू होतो काय, असा तो प्रश्न होता. गुलामांनी अर्ज करावा, या कल्पनेनेच दक्षिणेकडील सभासद संतप्त झाले. अ‍ॅडम्स यांना शिक्षा करावी, सभागृहातून काढून टाकावे, अशी मागणी होऊ लागली. पुरेसा गोंधळ झाल्यावर अ‍ॅडम्स यांनी शांतपणे खुलासा केला की, त्या अर्जात गुलामगिरी रद्द करू नये, अशीच विनंती आहे. विरोधक खजील झाले. मात्र त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली. दयेची याचना करण्याचा हक्क दीनातल्या दीन मनुष्यालाही आहे, आणि तो नाकारण्याचा अधिकार कोणत्याही सभेला नाही.

याच सुमारास आणखी एक काम त्यांच्याकडे आले. आफ्रिकेतून पळवून आणलेल्या ५३ लोकांना क्यूबा बेटात विकण्यात आले होते. १८३९ साली त्यांना ‘अमिस्टाड’ नावाच्या जहाजातून नेले जात असताना त्यांनी सिंके या आपल्या पुढाऱ्याच्या नेतृत्वाखाली बंड करून जहाज ताब्यात घेतले. त्यांना मायदेशी परतावयाचे होते. परंतु जहाज हाकणाऱ्यांनी त्यांना फसवून अमेरिकेच्या किनाऱ्याकडे नेले. तेथे त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. स्पेनने त्यांची मागणी केली, आणि अमेरिकेच्या सरकारनेही स्पेनचीच बाजू घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या वेळी अ‍ॅडम्स त्र्याहत्तर वर्षांचे होते. दृष्टी मंद झाली होती, हात थरथरत असत, आणि त्या न्यायालयात उभे राहून त्यांना तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. तरीही त्यांनी मोबदला न घेता वकीलपत्र स्वीकारले. १८४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन दिवस मिळून सुमारे आठ तास ते बोलले. हे लोक कोणाचीही मालमत्ता नाहीत, ते जन्मतः स्वतंत्र आहेत, असे त्यांनी प्रतिपादन केले. ९ मार्च रोजी न्यायालयाने त्या लोकांची मुक्तता केली. त्यांच्यातील काही जण तोवर मरण पावले होते. उरलेले ३५ जण पुढील जानेवारीत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोचले. निघण्यापूर्वी त्यांनी अ‍ॅडम्स यांना कृतज्ञतेने बायबलची एक प्रत भेट दिली.

इकडे प्रतिनिधिगृहातील झगडा चालूच होता. १८४२ साली हेवरहिल गावच्या ४६ नागरिकांचा एक अर्ज अ‍ॅडम्स यांनी सादर केला. त्यात उत्तर व दक्षिण ही राज्ये विभक्त करावी, अशी मागणी होती. अ‍ॅडम्स यांना ती मुळीच मान्य नव्हती. ती का नाकारावी, याची कारणे अर्जदारांना कळवावीत, असे त्यांनी स्वतःच सुचविले. तरीसुद्धा त्यांच्यावर देशद्रोहाचा आरोप करून निषेधाचा ठराव आणण्यात आला. सुमारे दोन आठवडे हा वृद्ध पुरुष एकट्याने आपला बचाव करीत होता. ठार मारण्याच्या धमक्यांची पत्रे त्यांना येत; त्यांनी त्यांची पर्वा केली नाही. अखेर १०६ विरुद्ध ९३ मतांनी तो ठराव बारगळला. अ‍ॅडम्स यांनी लागलीच आपल्याजवळचे उरलेले अर्ज सादर करण्यास सुरुवात केली.

वर्षे लोटली तशी त्यांच्या बाजूची मते वाढत गेली. ३ डिसेंबर १८४४ रोजी मुस्कटदाबीचा नियम रद्द करण्याचा त्यांचा ठराव १०८ विरुद्ध ८० मतांनी संमत झाला. ज्या नियमाविरुद्ध ते साडेआठ वर्षे झगडले, तो नियम त्यांच्याच ठरावाने नाहीसा झाला.

२१ फेब्रुवारी १८४८ रोजी अ‍ॅडम्स नेहमीप्रमाणे सभागृहात आले. मेक्सिकोच्या युद्धाला त्यांचा विरोध होता. म्हणून त्या युद्धातील सेनानींचा गौरव करण्याच्या प्रस्तावावर त्यांनी मोठ्या आवाजात नकार नोंदविला. थोड्या वेळाने ते बोलण्यासाठी उठले, आणि आपल्या आसनापाशीच कोसळले. त्यांना सभापतींच्या दालनात नेण्यात आले. तेथेच दोन दिवसांनी, २३ फेब्रुवारीला, त्यांनी देह ठेवला.

त्या वेळी त्याच सभागृहात इलिनॉय राज्याचा एक नवखा प्रतिनिधी बसत असे. त्याचे नाव अब्राहम लिंकन. पुढे १८६५ साली अमेरिकेच्या घटनेतच दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायमची बंद झाली. तो दिवस पाहण्यास अ‍ॅडम्स हयात नव्हते. परंतु ज्या प्रश्नाचा उच्चारही करू नये, असा नियम राष्ट्राच्या सभागृहाने एकदा केला होता, त्या प्रश्नाची वाट त्यांनीच मोकळी करून ठेवली होती.