रमाईचं पंढरपूर

मातोश्री रमाईंचा जन्म 7 फेब्रुवारी 1898 चा. दापोली तालुक्यातलं वणंद हे त्यांचं गाव. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरातून माशांच्या टोपल्या डोक्यावरून बाजारात पोचवायचे. आई रुक्मिणी लवकर गेली, पुढे वडीलही गेले, आणि पोरकी भावंडं नातेवाइकांबरोबर मुंबईला भायखळ्यात आली. एवढं आपल्याला जयंतीच्या भाषणांतून ठाऊक आहे. पण त्यांचं लग्न कुठे लागलं, हे पुष्कळ वक्ते एका वाक्यात उरकतात. तिथे जरा थांबायला हवं.

लग्न लागलं भायखळ्याच्या बाजारात. दिवसाचा बाजार उठल्यावर, रात्री. उघड्या शेडच्या एका कोपऱ्यात सुभेदार रामजींची मंडळी, दुसऱ्या कोपऱ्यात मुलीकडची. बसायला विक्रीचे दगडी ओटे आणि पायाखालून वाहणारं गटाराचं पाणी. पहाटेच्या आत लग्न लागलं आणि कोळिणी पाट्या घेऊन यायच्या आत वऱ्हाडाने जागा रिकामी केली. नवरी नऊ वर्षांची. बापाने जन्मभर माशांच्या टोपल्या वाहिल्या, त्याच्या लेकीचं मंगलकार्य झालं तेही मासळीच्या ओट्यांजवळच. हल्ली हॉल साधा घेतला म्हणून व्याह्याव्याह्यांत रुसवेफुगवे होतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

पुढचा संसार परळला पोयबावडीच्या बी. आय. टी. चाळीत. पहिल्या नंबरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर 50 आणि 51 नंबरच्या दोन खोल्या. 1913 च्या फेब्रुवारीत सासरे रामजीबाबा वारले आणि त्याच वर्षी साहेब अमेरिकेला गेले. 1917 ला परत आले, 1920 ला पुन्हा लंडनला गेले ते 1923 पर्यंत. परदेशातल्या ग्रंथालयांची वर्णनं आपण आवडीने वाचतो. इकडे चाळीत काय चाललं होतं? शेण गोळा करून गोवऱ्या थापणं, त्या विकून मीठमिरची आणणं, लेकरांना निजवून स्वतः पाण्यावर रात्र काढणं. आपल्या घराघरांतल्या म्हाताऱ्या हे सांगत आल्या. पाच लेकरं झाली, त्यातला यशवंत तेवढा जगला. गंगाधर, रमेश, इंदू गेली आणि शेवटी 1926 च्या जुलैत राजरत्न. गंगाधरला झाकायला कापड नव्हतं, तेव्हा रमाईने आपल्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला, असं सांगतात. ते लिहायलासुद्धा हात जड होतो.

आता पंढरपूरची गोष्ट. रमाई देवभोळ्या, उपासतापास करणाऱ्या. एकदा पंढरपूरला जाऊन विठोबाचं दर्शन घ्यावं, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा. ती त्यांनी साहेबांना बोलून दाखवली. साहेबांनी नाही म्हटलं. त्या काळी आपल्या माणसांना देवळात पाऊल टाकता येत नव्हतं. महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे, तिथपर्यंत यायचं, कळसाला हात जोडायचे आणि माघारी फिरायचं. जे पंढरपूर आपल्या माणसांना बाहेर उभं करतं तिथे कशाला जायचं, आपण शुद्ध वागणुकीने, त्यागाने आणि पददलितांच्या सेवेने दुसरं पंढरपूर उभं करू, अशा अर्थाचं साहेबांनी त्यांना सांगितलं.

काही जण हा प्रसंग असा सांगतात की रमाई भोळ्या होत्या आणि बाबासाहेबांनी त्यांना शहाणं केलं. मला हे पटत नाही. लेकरामागून लेकरू गमावलेल्या बाईला कुठेतरी डोकं टेकवावंसं वाटणारच, त्यात भोळेपणा कसला? आणि नाही म्हणताना साहेबांना सोपं गेलं असेल असंही नाही. आपल्या बायकोने दाराबाहेर ताटकळत उभं राहावं, हे त्यांना सोसवणारं नव्हतं. रमाई गेल्या नाहीत. त्यांनी दोन खोल्यांचा तो संसार सांभाळला. पुस्तकांची खोली शांत राहिली पाहिजे, दारात आलेला गावाकडचा माणूस उपाशी जाता कामा नये, हीच त्यांची वारी म्हणायची. तिला एकादशी नव्हती आणि परतीचा दिवसही नव्हता.

दादरला हिंदू कॉलनीत साहेबांनी पुस्तकांसाठी घर बांधलं आणि त्याला नाव दिलं राजगृह. बिंबिसार राजाने तथागतांना जिथे वेळुवन दान दिलं ती मगधाची राजधानी राजगृह. धम्मदीक्षा अजून वीसेक वर्षं दूर होती, पण नाव आधीच दारावर आलं होतं. त्या घरात रमाईंना फार दिवस लाभले नाहीत. दुखणं हटेना. 27 मे 1935 रोजी त्यांनी तिथेच डोळे मिटले. साहेबांनी डोकं भादरलं, कित्येक दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचं जाहीर केलं. तो शब्द ऐकायला रमाई नव्हत्या.

1940 साली पाकिस्तानच्या प्रश्नावरचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. राजकारणाचा ग्रंथ, पण अर्पण केला रामूला, म्हणजे रमाईला. तिचं मन, तिची शुद्धता आणि दारिद्र्यात तिने दिलेली साथ यांची आठवण त्या पानावर आहे.

साने गुरुजींनी उपोषण केल्यावर 1947 साली विठ्ठलाचं मंदिर सर्वांना उघडलं. रमाई असत्या तर 49 वर्षांच्या असत्या. तेव्हा त्या गेल्या असत्या का आणि साहेबांनी जाऊ दिलं असतं का, यावर आमच्याकडे वंदना झाल्यावर अजूनही वाद होतो. बायका म्हणतात, दिलं असतं. पुरुष म्हणतात, गेल्याच नसत्या.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात जी माणसं जमली त्यांत पांढरी लुगडी नेसलेल्या, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया किती होत्या! कुणी रेल्वेने आल्या, कुणी पायी. त्यांना कुणी दाराशी अडवलं नाही, कारण तिथे दारच नव्हतं. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळची ती नुसती मोकळी जमीन होती.