रॉकेट विमानं परक्यांनी नेली, विद्या मात्र कोल्हापूरच्या डॉ. घाटगेंनी आणली

जळकोट : आपल्या लोकांचं मोठ्या कामाचं शहर म्हणजे सोलापूर. तिथंच जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळुरूत विमानाचा कारखाना काढला. या कारखान्यात विमानांची आखणी करून मोठे झाले डॉ. विष्णू माधव घाटगे. विमान क्षेत्रात हे नाव आदरानं घेतात, आपल्याकडं मात्र पोरांना पुस्तकातही सापडत नाही.

१९०८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपू गावात जन्म. पुढं शिकायला थेट जर्मनीतल्या ग्योटिंगेनला. हवेत पंख कसा तरतो, याचं शास्त्र घडवणाऱ्या लुडविग प्रांटल यांच्याकडं त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट केली.

त्याच जर्मनीनं महायुद्धात मेसरश्मिट १६३ हे रॉकेटचं लढाऊ विमान आणलं. दोन द्रव एकत्र आले की काडी न लावता भडका उडायचा. इंधन संपायचं जेमतेम साडेसात मिनिटांत, मग घारीसारखं तरंगत खाली यायचं. चाकं उडतानाच गळून पडायची, उतरताना पोटाखालच्या पट्टीवर घसरायचं. जरा धक्का बसला आणि टाकीत थोडं इंधन उरलेलं असलं, की स्फोट!

१९४५ मध्ये जर्मनी हरली आणि जिंकलेल्या देशांनी ही विमानं उचलून नेली. ब्रिटिश वैमानिक एरिक ब्राउन यांनी त्याच जूनमध्ये एक विमान रॉकेट पेटवून उडवलं. अमेरिकेत आणि रशियात मात्र दुसऱ्या विमानानं वर ओढून नेऊन नुसतं तरंगत सोडलं. रशियाकडं तर त्याचं इंधनच नव्हतं.

भारताच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. घाटगेंच्या टीमनं स्वतः गणितं मांडून ‘एचटी-२’ हे शिकाऊ विमान काढलं. ते ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं. आखणीही इथलीच, बांधणीही इथलीच.

१९५६ मध्ये जर्मनीचे नामवंत विमान रचनाकार कुर्ट टँक बंगळुरूला आले. त्यांच्या देखरेखीत ‘मारुत’ हे लढाऊ जेट झालं, १७ जून १९६१ ला पहिलं उड्डाण. बांधा देखणा, पण हवं तेवढ्या ताकदीचं इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही. रशियाला रॉकेट विमान मिळालं, इंधन नाही. आपली गत तशीच झाली.

घाटगेंनी मग ‘किरण’ हे शिकाऊ जेट केलं, १९६४ मध्ये ते उडालं. पुढच्याच वर्षी पद्मश्री मिळाली. हवाई दलाच्या कित्येक पिढ्या किरणवर शिकल्या. १९९१ मध्ये घाटगे गेले. १९९६ मध्ये सूर्यकिरण पथकानं आकाशातल्या कसरतींसाठी याच किरणची सुधारित विमानं घेतली.