पंडिता रमाबाई : उघड्या दाराआडची प्रार्थना

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की त्यांची संस्कृत विद्वत्ता, स्त्रीशिक्षणाचे कार्य आणि धर्मांतर या तीन गोष्टींची चर्चा ठरलेली असते. त्यांच्या प्रार्थनेबद्दल मात्र भाविक चरित्रकार भारावून लिहितात, तर इतर संकोचाने तो विषय टाळतात. वस्तुतः शारदा सदनापासून केडगावच्या मुक्ती सदनापर्यंत रमाबाईंनी घेतलेला एकही मोठा निर्णय या प्रार्थनेपासून वेगळा काढता येत नाही. तिची किंमतही त्यांनी मोजली.

रमाबाईंचा जन्म 1858 साली सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने ती विद्या लेकीला दिली. पुढे तीर्थयात्रा, पुराणकथन आणि उपासमार यांतच कुटुंबाची वाताहत झाली. 1874 मध्ये आई-वडील गेले. भावासह पायी हिंडत 1878 साली त्या कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वत्सभेने त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. भावाचे निधन, बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह, मनोरमेचा जन्म आणि 1882 मध्ये वैधव्य असे सारे अवघ्या दोन वर्षांत घडले.

वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, पण अधू श्रवणशक्तीमुळे तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील ज्या भगिनीसंघाकडे त्या राहिल्या, तेथील दिवस प्रार्थनेच्या नेमलेल्या वेळांनी बांधलेला होता. याच संघाचे लंडनजवळ फुलहॅम येथे काम चाले आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे मायेने सांभाळले जाई. ते पाहून रमाबाई अंतर्मुख झाल्या. पतित समजल्या गेलेल्या स्त्रीला उभे करणारा धर्म त्यांना प्रथम सेवेच्या रूपात दिसला. सिद्धान्त नंतर आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, ही रुखरुख त्यांना पुढे आठ वर्षे पुरली. ती 1891 च्या सुमारास मिटली आणि तेव्हापासून प्रार्थना हा त्यांच्यासाठी निव्वळ नित्यनेम राहिला नाही.

नेमका हाच काळ शारदा सदनाच्या कसोटीचा ठरला. बॉस्टनमधील रमाबाई असोसिएशनच्या दहा वर्षांच्या आश्वासनावर 1889 मध्ये मुंबईत हे सदन सुरू झाले आणि 1890 मध्ये पुण्यास आले. मुलींवर कोणताही धर्म लादायचा नाही, अशी त्यामागील अट होती. रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत, मात्र खोलीचे दार त्या लावून घेत नसत. हळूहळू काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. ही गोष्ट बाहेर पडताच पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे 1893 मध्ये सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी अनेक मुली घरी नेल्या.

या प्रकरणात टीकाकार सर्वस्वी चूक होते, असे म्हणता येणार नाही. निराधार मुलींवर पालनकर्तीच्या श्रद्धेचा प्रभाव किती पडतो, हा प्रश्न आजच्या कोणत्याही वसतिगृहालाही विचारावा लागेल. दार लावून घेतले असते तर कदाचित संस्था वाचली असती. पण आपल्याच घरात लपून प्रार्थना करणे रमाबाईंना मान्य नव्हते. काम सांभाळण्यासाठी त्यांनी दार लावले नाही आणि मुली गेल्या म्हणून कामही सोडले नाही.

त्यानंतरच्या काळात लोणावळ्याच्या ख्रिस्ती शिबिरास त्या गेल्या, तेव्हा सदनातील पंधरा मुली ख्रिस्ती झालेल्या होत्या. पहाटेच्या एकांतात त्यांनी देवाकडे मागणे मागितले, ते या पंधराचा वर्ग करण्याचे, म्हणजे दोनशे पंचवीस मुलींचे. गणिती भाषेतील ही प्रार्थना वाचताना आज हसू येईल. पण 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातील अनाथ मुली आणि तरुण विधवांच्या हालांची वार्ता आली, तेव्हा त्या वाट पाहत बसल्या नाहीत. स्वतः तिकडे गेल्या. उपासमार म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. काही महिन्यांत तीनशेच्या आसपास मुली आल्या. तशात पुण्यात प्लेग होता आणि एवढ्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले. पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावची घेतलेली शेतजमीन कामी आली. तेथेच मुक्ती सदन उभे राहिले. 1900 च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांचे पोट केवळ प्रार्थनेवर भरत नाही. शेती, दुभती जनावरे, विणकाम, तेलघाणा, छापखाना अशी कामे मुली शिकल्या. पुढे अंध स्त्रियांसाठी मनोरमाबाईंनी अमेरिकेत ब्रेल शिकून घेतली. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र वाचून, देणगीदारांच्या दारात न जाता देवाकडे मागण्याची वाट रमाबाईंनी धरली होती. पण कामाची घडी बसविण्यात त्यांनी ढिलाई केली नाही.

जानेवारी 1905 मध्ये सुमारे सत्तर जणी रोज प्रार्थनेस बसू लागल्या. जूनपर्यंत तो आकडा साडेपाचशेवर गेला. महिन्याच्या अखेरीस वातावरण अनावर झाले. रडणे, मोठ्याने पापकबुली आणि एकाच वेळी शेकडो कंठांतून उठणाऱ्या प्रार्थना यांनी केडगाव दुमदुमले. अनेक मिशनऱ्यांना हा भावनेचा अतिरेक वाटला. स्वतः रमाबाई शांत, अभ्यासू प्रकृतीच्या. तरीही भारतीय मुलींना त्यांच्या पद्धतीने देवाला आळवू द्यावे, पाश्चात्त्य शिष्टाचाराचे माप त्यांना लावू नये, अशी भूमिका त्यांनी घेतली. प्रार्थनेतून उठलेल्या मुलींचे गट मग आसपासच्या खेड्यांत जाऊ लागले.

उत्तरायुष्यात बहिरेपण वाढले, तसा संस्थेचा बराचसा भार मनोरमाबाईंनी उचलला. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करीत बसल्या. हे काम सुमारे अठरा वर्षे चालले. जुळारी आणि छपाई करणाऱ्या मुली दुष्काळातून आलेल्या होत्या. त्यांतील बहुतेकींना केडगावी येईपर्यंत अक्षरओळखही नव्हती. जुलै 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या आणि संस्थेची वारस म्हणून जिच्याकडे पाहिले जात होते, ती लेकच नाहीशी झाली. रमाबाईंनी हस्तलिखित पुन्हा पुढे ओढले. भाषांतर पूर्ण करून 5 एप्रिल 1922 रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. मुक्तीच्याच छापखान्यातून ते बायबल 1924 मध्ये बाहेर पडले.