वाळूच्या कणांचा इतिहासकार : हेन्री सॉर्बी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास भूवैज्ञानिक हातात हातोडी घेऊन डोंगर पालथे घालीत. खडकांचे थर, त्यांतील जीवाश्म आणि पर्वतांची रचना हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. एवढे प्रचंड डोंगर कोणी सूक्ष्मदर्शकातून पाहू लागेल, ही कल्पनाच अनेकांना हास्यास्पद वाटे. अशा काळात खडकातील बारीक कणांवर विश्वास ठेवणारे संशोधक म्हणजे हेन्री क्लिफ्टन सॉर्बी.

सॉर्बी यांचा जन्म 10 मे 1826 रोजी इंग्लंडमधील शेफील्डजवळ झाला. पोलादी हत्यारे आणि चाकू-सुऱ्या यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावी त्यांच्या घराण्याचा हत्यारांचाच व्यवसाय होता. सॉर्बी कोणत्याही विद्यापीठात शिकले नाहीत. शालेय शिक्षणानंतर त्यांनी खाजगी शिक्षकाकडून गणित व विज्ञानाचे धडे घेतले. 1847 मध्ये वडिलांचे निधन झाले आणि निर्वाहापुरते उत्पन्न त्यांच्या हाती आले. व्यवसाय वाढवून धन मिळवावे, की साधेपणाने राहून संशोधन करावे, असे दोन मार्ग त्यांच्यापुढे होते. त्यांनी दुसरा मार्ग निवडला आणि राहत्या घरीच प्रयोगशाळा उभारली.

त्या सुमारास विल्यम विल्यमसन हे शास्त्रज्ञ जीवाश्म बनलेले लाकूड व दात यांचे पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असत. हे कौशल्य सॉर्बी यांनी त्यांच्याकडून आत्मसात केले आणि 1849 पासून ते खडकांसाठी वापरले. दगडाच्या तुकड्याची एक बाजू घासून गुळगुळीत करायची, ती काचेवर चिकटवायची आणि मग दुसरी बाजू इतकी घासायची, की दगडातून प्रकाश आरपार जावा. असा काप कागदापेक्षाही पातळ असे. हे काम अत्यंत चिकाटीचे होते. परंतु काळपट, अपारदर्शक दगडातील प्रत्येक खनिज आता स्वतंत्रपणे दिसू लागले.

1858 मध्ये त्यांनी स्फटिकांविषयीचा आपला महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. स्फटिक तयार होताना त्यात द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब अडकून राहतात आणि त्यांवरून तो स्फटिक कोणत्या परिस्थितीत जन्मला हे सांगता येते, असे त्यांनी दाखविले. यातूनच एक नवी दिशा मिळाली. वालुकाश्म म्हणजे घट्ट झालेली वाळू आणि वाळू म्हणजे झिजलेल्या जुन्या खडकांचे कण. मग कणाच्या अंगी असलेल्या खुणांवरून त्याचे मूळ गाव शोधता येणार नाही काय?

याचे उत्तर त्यांनी आपल्याच परिसरात शोधले. यॉर्कशायरमध्ये 'मिलस्टोन ग्रिट' नावाचा जाडाभरडा वालुकाश्म आढळतो. पूर्वी त्यापासून जात्याच्या तळ्या बनवीत, म्हणून त्याला हे नाव पडले. सुमारे 32 कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणलेल्या वाळूपासून तो बनला आहे. या खडकातील थर जागोजागी तिरकस आहेत. वाहते पाणी वाळू पुढे ढकलताना असे थर रचते आणि त्यांचा उतार प्रवाहाच्या दिशेने असतो. सॉर्बी यांनी अनेक ठिकाणी या उताराची दिशा मोजली. पाणी मुख्यत्वे ईशान्येकडून आले होते, असे त्यांना आढळले. खडकातील गारगोटी व फेल्डस्पारचे भरड कण ग्रॅनाइटची साक्ष देत होते. ईशान्येस कोठेतरी ग्रॅनाइटची मोठी भूमी होती, असा निष्कर्ष त्यांनी 1859 मध्ये मांडला. आज तेथे समुद्र आहे. त्यामुळे हा निष्कर्ष धाडसाचाच होता.

देशात उपेक्षा होत असताना परदेशातून पाठबळ मिळाले. 1861 मध्ये जर्मनीत त्यांची भेट फर्डिनांड झिर्केल या तरुण शास्त्रज्ञाशी झाली. झिर्केल यांनी ही पद्धत उचलून धरली आणि ती जगभर पोचविली. पुढे स्वदेशातही सॉर्बी यांचा गौरव झाला. 1878 ते 1880 या काळात ते लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. वाळूचे कण टोकदार आहेत की गोलाकार, झिजलेले आहेत की रसायनांनी खाल्लेले, यावरून त्यांचा प्रवास कसा ओळखावा, हे त्यांनी या वर्षांत विशद केले. शेफील्डमध्ये उच्च शिक्षणाची सोय व्हावी म्हणूनही ते झटले.

अखेरची काही वर्षे आजारपणामुळे ते घरातच होते, तरी लेखन थांबले नाही. 9 मार्च 1908 रोजी त्यांचे निधन झाले. खडकांच्या अभ्यासात मोजमापाचा उपयोग कसा करावा, हे सांगणारा त्यांचा शेवटचा निबंध त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

त्यांनी मांडलेल्या प्रश्नाचा शोध पुढेही चालू राहिला. 1920 च्या सुमारास अल्बर्ट गिलिगन यांनी याच वालुकाश्मातील जड खनिजे तपासली आणि उत्तरेकडील भूमीकडेच बोट दाखविले. 1987 मध्ये त्यातील झिरकॉनच्या कणांचे रासायनिक विश्लेषण झाले. झिरकॉनमध्ये असलेल्या युरेनियमचे ठरावीक गतीने शिशात रूपांतर होते. म्हणून या दोहोंच्या प्रमाणावरून कणाचे वय काढता येते. कणांच्या वयांचा मेळ ग्रीनलँड व स्कँडिनेव्हियाच्या बाजूच्या प्राचीन खडकांशी बसला. त्या प्राचीन काळी ग्रीनलँड व नॉर्वे यांच्यामध्ये आजचा महासागर नव्हता.

घरातील एका खोलीत, हाताने दगड घासून मिळविलेल्या उत्तराची दिशा अशा रीतीने शंभराहून अधिक वर्षांनंतरही योग्य ठरली.