परटाघरचे देबूजी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी नाहीच म्हणत होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण गाडगेबाबांवर लिहायचे म्हटल्यावर हात आवरला नाही, कारण आमचे घर परटाचे आणि बाबाही परटाचेच.

दिनांक 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगावी त्यांचा जन्म झाला. नाव देबूजी, वडील झिंगराजी, आडनाव जानोरकर. दारूच्या पायी वडील लवकर गेले. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. मामाकडे देबूने गुरे राखली, नांगर धरला. सावकाराच्या कर्जात मामाची जमीन गेली. लिहिता-वाचता येत नसले म्हणजे कागदावर अंगठा उठवून माणूस कसा बुडतो, हे त्यांनी घरातच पाहिले. पुढे जन्मभर पोरांना शिकवा म्हणून ते सांगत फिरले, त्याचे मूळ मला इथे दिसते.

मुलीच्या बारशाला भाऊबंदांत मटण आणि दारू देण्याची चाल होती. देबूजींनी गोडाचे जेवण घातले. जातवाले रागावले. ज्या घरात कार्य असते त्या घरच्या बाईला तेव्हा काय काय ऐकावे लागले असेल, ते आपण जाणतोच.

1905 च्या फेब्रुवारीत त्यांनी घर सोडले. वय तिशीच्या आत. अंगावर चिंध्यांचा सदरा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात मातीचे गाडगे आणि झाडू. गावात शिरले की कोणाशी न बोलता आधी झाडायला लागायचे. दिवसभर गटारे उपसायची, खराटा फिरवायचा, आणि रात्री त्याच जागी कीर्तन. दिवसा गाव झाडायचे, रात्री माणसांची डोकी. ऋणमोचनला पूर्णा नदीवर यात्रेकरू चिखलात घसरत, तिथे त्यांनी घाट बांधवला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईला जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातलगांसाठी एक केली. आजाऱ्याबरोबर परक्या शहरात गेलेल्या बाईला रात्री पाठ टेकायला जागा लागते, हे त्यांना सुचले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा 1949 साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली.

मला मात्र कुंताबाई आठवतात, त्यांची पत्नी. लेकरे पदरात असताना नवरा निघून गेला. पुढे मुलगा गोविंद कुत्रे चावून वारला. ती खबर आली तेव्हा बाबा खारेपाटणला कीर्तनात होते, आणि कीर्तन थांबले नाही. पुष्कळजण हे थोरपण म्हणून सांगतात. असेलही. मला ते वाचताना गळ्याशी येते, आणि कुंताबाईंचे कीर्तन कोणी केले नाही असे वाटते. बाबांवरचा माझा भाव यामुळे कमी होत नाही, पण खोटे कशाला लिहू?

1956 च्या नोव्हेंबरात वांद्र्याला पोलिसांसमोर त्यांचे कीर्तन झाले. 6 डिसेंबरला आंबेडकर गेले. चौदा दिवसांनी, 20 डिसेंबरला, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच बाबांनी डोळे मिटले. समाधी अमरावतीस आहे. 2000-01 मध्ये सरकारने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले.

शाळेत असताना बापाचा धंदा विचारला की मी नुसते दुकान म्हणून सांगत असे. मुली कपड्यांवरून चिडवीत. लग्न होऊन इथे आले, तर सासूबाईंनी भट्टीवर बाबांची तसबीर लावलेली. दर 20 डिसेंबरला आमच्या लाँड्रीत गिऱ्हाईकाचे कपडे घेत नाहीत. त्या दिवशी मुलींच्या वसतिगृहातल्या चादरी आणि गोधड्या धुवून, इस्त्री करून फुकट पोचवायच्या. पहिल्या वर्षी मी कुरकुरले होते, कारण डिसेंबरातले पाणी हाडात शिरते. आता सासूबाई नाहीत. गेल्या वर्षी मंडळातल्या सहाजणी पहाटे आपणहून आल्या. त्यांच्यापैकी एक शाळेत माझ्याच वर्गात होती. पिळायला दुसरे टोक तिनेच धरले, आणि उन्हाला टाकलेल्या चादरी संध्याकाळी आम्ही दोघींनी घड्या घालून पोचवल्या.